बाळाच्या मेंदूसाठी डबा घ्यावा की हुलगे शिजवावेत?

खानापूरची_लेक (धागाकर्ती) | सोमवार, रात्री 9:10

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून लिहिते.

सहावा महिना चालू आहे. माहेर खानापूर, सासर बेळगावात वडगावला. घरात सध्या दोन पक्ष आहेत. सासूबाईंचं म्हणणं, डाळ-कडधान्य वातूळ, पोटातल्या बाळाला गॅस होतो. तेव्हा मऊ भात, तूप, दूध आणि नाचणीचं सत्त्व. बाळंतपणानंतर तर चाळीस दिवस डाळीचं पाणीसुद्धा नाही. दुसरा पक्ष नणंदेचा. ती पुण्याहून एक डबा घेऊन आली. त्यावर मेंदूचं चित्र आहे आणि आत म्हणे 'मेंदू घडवणारी अमिनो आम्लं'. किंमत लिहीत नाही, पण तेवढ्यात आमचं महिन्याचं दूध आणि गॅस सिलिंडर दोन्ही भागतं.

डॉक्टरांना विचारलं तर "हवं तर घ्या, नको तर राहू दे" म्हणाले. हे काय उत्तर झालं?

अमिनो आम्लांचा आणि बाळाच्या मेंदूचा खरंच काही संबंध आहे का? असला तर तो डब्यातच आहे की आपल्या ताटातही आहे? आणि त्या गॅसचं काय?

कुंदाप्रेमी | 9:14

पहिला! डबा इकडे पाठवा. मला गरज आहे असं बायको म्हणते.

टिळकवाडीचा_बाब्या | 9:15

वहिनींशी सहमत.

निपाणीची_अक्का | 9:40

आधी गॅसचं निकालात काढूया. अगं, पोटातलं बाळ डाळ खात नाही. डाळ तुझ्या आतड्यात मोडते, तिचे तुकडे रक्तात येतात, आणि रक्तातनं वारेतून (प्लासेंटातून) बाळाला जातात. गॅस झाला तर तुला होईल, तुझ्या आतड्यात. बाळंतपणानंतरही तसंच, आईच्या आतड्यातला वायू काही दुधात उतरत नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईनं मला मुगाचं कढण दिलं आणि आजीनं लपून तुरीचं वरण. दोघी एकमेकींना सांगत नव्हत्या. मला दोन्हीकडनं मिळालं.

सासूबाईंशी भांडू नको मात्र. हिंग-जिरं घालून, आलं ठेचून कर आणि "हे वातूळ नाही" असं आपणच आधी जाहीर करून टाक.

रात्रपाळी | 11:55

नवजात शिशू विभागात नर्स आहे, आत्ता चहाच्या सुट्टीत लिहितेय, त्यामुळे तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

संबंध आहे. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा. मणी 20 प्रकारचे. त्यातले 9 शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ते अन्नातूनच यावे लागतात. लायसिन, ल्युसिन, ट्रिप्टोफॅन, फेनिलॅलनिन वगैरे. वार हे मणी आईच्या रक्तातून नुसते झिरपू देत नाही, ओढून घेते. म्हणून बाळाच्या रक्तात त्यांचं प्रमाण आईपेक्षा जास्त असतं. आईचं ताट रिकामं असेल तरी बाळ आधी ओढतं. पण ओढायला काहीतरी असावं लागतं ना.

मेंदूत त्यांचं काम दुहेरी. एक, पेशी बांधायला लागतात. दुसरं, निरोप पोचवणारी रसायनं त्यांच्यापासूनच होतात. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन, टायरोसिनपासून डोपामिन. उंदरांमध्ये 2011 साली दिसलं की गर्भाच्या मेंदूला सुरुवातीच्या काळात लागणारं सेरोटोनिन आईच्या ट्रिप्टोफॅनपासून वारेतच तयार होतं. मला हे वाचून फार नवल वाटलं होतं. आपण वार म्हणजे नळी समजतो, ती तर स्वयंपाकघर निघाली.

आणि घाई बघा किती. जन्मताना मेंदू साधारण 350 ते 400 ग्रॅमचा असतो. दोन वर्षांचं होईपर्यंत मोठ्या माणसाच्या तीन चतुर्थांशाच्या पुढे जातो. पुढे आयुष्यभर तो एवढ्या वेगानं कधीच वाढत नाही. तेव्हा प्रश्न योग्य वेळी विचारलायस.

बोलावणं आलं. उरलेलं उद्या.

अथणीचा_शाळूवाला | मंगळवार, सकाळी 6:20

आमच्या आजीनं अमिनो हा शब्द ऐकला नव्हता. शाळूची भाकरी, कारळाची चटणी, कांदा आणि ताक. एवढ्यावर नऊ पोरं झाली. माझे वडील त्यातले एक, तोंडी हिशेबात अजून मला हरवतात. हे डबे, ही आम्लं, सगळं विकायचं सोंग आहे. आताच्या पोरींना खायला सगळं आहे आणि भीती पण सगळ्याची आहे.

निपाणीची_अक्का | 8:05

काका, राग मानू नका. नऊ झाली म्हणता, राहिली किती?

अथणीचा_शाळूवाला | 8:31

सहा.

(अक्का, बरोबर विचारलंस. मी कधी तसा हिशेब केला नव्हता.)

चिकोडीचा_मास्तर | 10:15

काकांच्या आजीच्या ताटाकडे नीट बघितलं तर ती बाई बरोबरच होती, फक्त त्यात एक गोष्ट कमी होती. मी विज्ञान शिकवतो, तेव्हा थोडी शाळा सहन करा.

ज्वारीतलं प्रथिन लायसिनमध्ये तोकडं आहे. शंभर ग्रॅम प्रथिनात दोन ग्रॅमच्या आसपासच. एक-दोन वर्षांच्या पोराला त्याच मापात पाच ग्रॅमच्या वर लागतं, सहा महिन्यांच्या बाळाला साडेपाचच्याही वर. मोठ्या माणसाला साडेचार. म्हणजे एकट्या भाकरीवर सगळ्यात मोठा तोटा सगळ्यात लहान माणसाला. प्रथिन बांधणं म्हणजे भिंत बांधणं नव्हे, की एक वीट कमी पडली तर दुसरी लावली. एक मणी संपला की ती माळ तिथंच थांबते आणि उरलेले मणी जळणाला जातात.

आता डाळी-कडधान्यांत लायसिन भरपूर, पण मिथिओनिन कमी. ते भाकरीत आहे. म्हणून झुणका-भाकर, हुलग्याचं पिठलं-भाकर, वरण-भात, इडली-सांबार. आणि दोन्ही एकाच घासात पाहिजे असंही नाही, दिवसभरात आलं तरी चालतं. लहान पोरांना मात्र दर जेवणात थोडं थोडं दिलेलं बरं, त्यांचं पोट केवढंसं.

काकांच्या आजीकडे ताक होतं, तिथं लायसिन होतं. पण नऊ पोरांत ते किती किती आलं असेल?

कुंदाप्रेमी | 10:40

मास्तर, म्हणजे दुधात लायसिन. म्हणजे कुंद्यात लायसिन. म्हणजे गरोदर बाईला रोज पाव किलो कुंदा. धागा संपला, टाळ्या.

चिकोडीचा_मास्तर | 11:02

नाही संपला. कुंद्याचा रंग कसा येतो सांग बघू?

कुंदाप्रेमी | 11:03

आटवून.

चिकोडीचा_मास्तर | 11:20

आटवून दूध पांढरट पिवळं राहतं, बासुंदी बघ. कुंदा तपकिरी होतो कारण तळाला लागू न देता, तासन् तास ढवळत तो परतला जातो. त्या उष्णतेत साखर आणि प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि तो रंग, तो खमंग वास, ती दाणेदार चव तयार होते. आणि प्रथिनातला कोणता मणी सगळ्यात आधी साखरेला चिकटतो? लायसिन. एकदा चिकटला की आतड्याला तो सुटा करून घेता येत नाही. म्हणजे बेळगावच्या कुंद्याची जी खासियत, तीच लायसिनची चिता.

कुंदा खा की, सणाला खा. औषध म्हणून खाऊ नको एवढंच.

कुंदाप्रेमी | 11:22

आज माझ्या धर्मावर घाला झालाय.

टिळकवाडीचा_बाब्या | 11:30

हसून हसून पुरेवाट. गोकाकच्या करदंटावर तरी काही बोलू नका मास्तर, घरात अर्धा किलो आणून ठेवलंय.

कणकुंबीची_वाट | दुपारी 1:15

धागाकर्तीनं सत्त्वाचा उल्लेख केलाय, त्यावर कुणीच काही बोललं नाही. आमच्याकडे दरवर्षी करतात, म्हणून लिहिते.

नाचणी दोन दिवस भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाटायची, आणि मग पातळ मलमलीतून गाळायची. दूधासारखं पाणी खाली पडतं. ते रात्रभर ठेवलं की तळाशी पांढरा साका बसतो. वरचं पाणी ओतून साका उन्हात वाळवला की झालं सत्त्व. फडक्यात चोथा राहतो तो आई म्हशीला घालायची. मी एकदा विचारलं, यात नाचणीचं काय काय जातं? तेव्हा कुणाला सांगता आलं नाही. आता कळतं की तळाला बसतो तो मुख्यतः स्टार्च. प्रथिनाचा बराच भाग चोथ्यात आणि वरच्या पाण्यात जातो. म्हणजे मोड आणायचं शहाणपण आपलं, आणि त्याचा लाभ म्हशीला.

नाचणी चांगलीच आहे. शंभर ग्रॅमला तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे तिच्यात. पण मोड आणलेली नाचणी वाळवून, हलकी भाजून अख्खी दळावी, आणि बाळ सहा महिन्यांचं झालं की त्यात मोडाच्या मुगाचं पीठ मिसळून घट्ट लापशी करावी. बाटलीतून वाहील इतकी पातळ नाही. चमच्यावरून टपकताना थांबली पाहिजे.

वडगावच्या सासूबाईंना सांग, म्हैस तयार आहे, पण यंदा चोथा सुनेला.

रात्रपाळी | दुपारी 4:10

उठले. वर काय काय झालंय! कणकुंबीताई, चमच्याची खूण मी आमच्या आयांना सांगणार.

कालचं पुढे. डब्यावाल्यांची मेख इथं आहे: 'अमुक अमिनो आम्ल मेंदूला लागतं' हे खरं, 'म्हणून जास्त घेतलं की मेंदू जास्त' हे खोटं. का, ते सांगते.

रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक राखणदार भिंत आहे. ल्युसिन, ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, फेनिलॅलनिन अशा बऱ्याच मोठ्या अमिनो आम्लांना आत जायला त्या भिंतीत एकाच प्रकारचं दार. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेची बस आठवा. दार एक, चढणारे शंभर. एकाच गावचे साठ जण दारात घुसले तर बाकी गावांची माणसं स्टँडवरच राहणार. एक आम्ल भारंभार ओतलं तर ते बाकीच्यांची जागा खातं.

ऑस्ट्रियात उंदरांवर काम झालंय, 2023 साली प्रसिद्ध झालं. मेंदूच्या पेशींमधलंच हे दार बंद केलं तर पिल्लू जन्मताना मेंदू ठीक दिसतो, पण जन्मानंतरच्या थोड्या दिवसांत पेशी नीट चेतत नाहीत आणि बऱ्याच मरून जातात. मेंदू लहान राहतो. म्हणजे तेवढी एक खिडकी असते, त्यात माल पोचलाच पाहिजे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण या दाराच्या जनुकात दोष असलेली माणसाची मुलंही सापडलीत, लहान डोक्याची आणि स्वमग्नतेची लक्षणं असलेली.

सीमाभागी | 5:05

हे सगळं ठीक. पण आमच्या वाडीतल्या बायकांच्या हातात जे पोषणाचं पत्रक येतं ते फक्त कन्नडमध्ये. तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचं सरकारी नोंदीचं कार्ड, तेही कन्नडमध्ये. माझ्या भावजयीला कार्डावर काय लिहिलंय ते दहावीतल्या पोराकडून वाचून घ्यावं लागतं. लायसिन राहू दे, आधी लिपी द्या.

होस_बेळगावी | 5:20

कन्नड शिकायला काय हरकत आहे? 2014 पासून शहराचं नावही बेळगावी झालंय.

सीमाभागी | 5:22

सुरू झालं यांचं. 1956 पासून आम्ही

संपादक | 5:30

सीमावादाचे बारा धागे आधीच आहेत, तिकडे जा. पुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत. गरोदर बाईच्या धाग्यावर तरी थांबा.

निपाणीची_अक्का | 5:48

संपादक बरोबर. पण सीमाभागीचा मुद्दा पोटाशी संबंधित आहे, उडवू नका. आमच्या गल्लीतली अंगणवाडी ताई घरात कन्नड बोलते, पण बायकांना तोंडी मराठीत सांगते, हातवारे करून. कर्नाटक सरकारच्या मातृपूर्णा योजनेत 2017 पासून गरोदर बायकांना अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण सुरू झालं, भात-सांबार, दूध, अंडं. पण तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळायला बसणाऱ्या बाईनं भर दुपारी मजुरी सोडून जेवायला जायचं कसं? हजार विड्यांवर मजुरी, उठली की तेवढ्या कमी. मी त्या बायकांत वाढले. माझी मावशी मांडीवर सूप आणि बाजूला पोर, पोराच्या हातात चहात बुडवलेली खारी. खारी आणि चहा. यात लायसिन शोधा आता.

होस_बेळगावी | 6:02

अक्का, हे मात्र खरं बोललात. माझी आईही अंगणवाडीत होती, ती मराठी बायकांसाठी पाटीवर चित्रं काढायची. अंड्याचं चित्र फार बिघडायचं, बटाटा वाटायचा.

गोव्यातला_शहापूरकर | रात्री 9:30

माझी मुलगी गोव्यात झाली. तिसऱ्या दिवशी टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेतले. बायको रडली, मी चिडलो, एवढ्याशा जिवाला कशाला टोचता? नंतर कळलं की ती चाचणी अमिनो आम्लासाठीच असते, म्हणजे तीही त्यातली एक. गोव्यात सरकारनं ती 2008 च्या सुमाराला सुरू केली होती. बेळगावात बहिणीच्या बाळाच्या वेळी विचारलं तर "तसं काही करत नाही" असं उत्तर आलं. रात्रपाळीताई, सांगाल का?

रात्रपाळी | 11:40

दादा, बरं झालं काढलंत. डब्यापेक्षा हे शंभरपट महत्त्वाचं.

काही बाळांना फेनिलॅलनिन मोडता येत नाही, यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जन्मतःच नसतं किंवा कमी असतं. आजाराचं नाव फेनिलकिटोन्युरिया. बाळ जन्मताना अगदी गुटगुटीत असतं. मग दूध प्यायलं की ते आम्ल रक्तात साठत जातं, मेंदूच्या त्या दाराशी गर्दी करतं आणि काही महिन्यांत बुद्धी कायमची खुंटते.

हे सापडलं कसं ते ऐका. नॉर्वेत बोर्गनी एगेलांड नावाची बाई होती. दोन मुलं, दोघंही मतिमंद. मुलांच्या अंगाला आणि लघवीला एक कुबट वास यायचा. ती डॉक्टरामागून डॉक्टर हिंडली, वासाबद्दल विचारत राहिली, आणि सगळे तिला वेड्यात काढत राहिले. शेवटी असब्योर्न फॉलिंग नावाच्या डॉक्टरानं लघवी तपासायला घेतली. फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले, ती हिरवी झाली. एरवी तसा रंग येत नाही. औषधाचा परिणाम नको म्हणून मुलांची सगळी औषधं बंद करायला लावली आणि पुन्हा तपासली. पुन्हा हिरवी. 1934 साली त्यानं हे छापलं. त्या आईच्या दोन मुलांना काही उपयोग झाला नाही. पण 1950 च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये होर्स्ट बिकेलनं फेनिलॅलनिन कमी केलेला आहार देऊन बघितला, आणि 1960 च्या सुमाराला रॉबर्ट गथ्रीनं टाचेच्या थेंबाची स्वस्त चाचणी काढली. गथ्रीचा स्वतःचा एक मुलगा मतिमंद होता. आज तिकडे पहिल्या आठवड्यात आजार सापडतो, आहार बदलतात आणि मूल चारचौघांसारखं शाळेत जातं.

आजार दुर्मिळ आहे, घाबरू नका. पण अमिनो आम्ल मेंदूला जास्त झालं तर काय होतं, याचा यापेक्षा ढळढळीत पुरावा नाही. आणि चाचणी होते का हे प्रसूतीच्या आधीच विचारून ठेवा. आपल्याकडे देशभर सरसकट होत नाही, मागून घ्यावी लागते. त्यात थायरॉइडचीही तपासणी असते, ती तर जास्त कामाची, कारण तो दोष बराच जास्त आढळतो आणि गोळीनं भागतो.

विदर्भी_पाहुणा | 11:58

अवांतर: विषारी अमिनो आम्लही असतं. लाखोळी डाळीत असतं, मेंदूतल्या निरोप्याची हुबेहूब नक्कल करणारं. दुष्काळात महिनोन्महिने फक्त तीच डाळ खाणाऱ्यांचे पाय लुळे पडायचे. महाराष्ट्रात 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. आमच्या आजोबांच्या गावात काठ्यांवर चालणारी माणसं होती, लोक म्हणायचे शाप आहे.

टिळकवाडीचा_बाब्या | बुधवार, सकाळी 7:45

आणि अजिनोमोटो? तेही अमिनो आम्लच ना? बायको चौथ्या महिन्यात आहे आणि रोज संध्याकाळी गोबी मंचुरी मागते. मी बघूलोय, गाडीवाला चमच्यानं नाही, मुठीनं घालतो.

चिकोडीचा_मास्तर | 8:30

अभिनंदन बाब्या! पेढे कुठं आहेत?

अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेट या अमिनो आम्लाचं मीठ. अन्नातलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच जाळून टाकतात, मेंदूपर्यंत फारसं पोचत नाही. मंचुरीची खरी काळजी तेलाची, मिठाची आणि रंगाची. कर्नाटकात मार्च 2024 मध्ये तिच्यात कृत्रिम रंग घालायला बंदी आली. गाडीवरची अजून लालभडक दिसत असेल तर गाडी बदल, बायको बदलू नको.

शंकासुर | 9:10

सगळे उंदीर आणि दुर्मिळ आजार सांगतायत. साध्या गरीब घरातल्या साध्या मुलाचं काय? चांगलं प्रथिन मिळालं म्हणून पुढे काही फरक पडला, असं माणसांत कुणी बघितलंय?

रात्रपाळी | 10:05

बघितलंय. ग्वाटेमालात 1969 ते 1977, चार खेडी. दोन खेड्यांत मक्याच्या लापशीसारखं अटोले नावाचं पेय, प्रथिनवालं. दोन खेड्यांत नुसतं सरबत, प्रथिन शून्य. मुलं मोठी होईपर्यंत पाठपुरावा केला. ज्या मुलग्यांना पहिल्या दोन वर्षांत अटोले मिळालं, त्यांची मोठेपणी तासाची कमाई सरासरी 46 टक्के जास्त निघाली. तीन वर्षांनंतर प्यायलेल्यांत तो फरक नाही. बायकांच्या कमाईतही नाही, बहुधा त्यांना मिळणारी कामंच तशी म्हणून.

शंकासुर | 10:20

अटोलेत उष्मांकही जास्त असणार. मग श्रेय प्रथिनाला कसं?

रात्रपाळी | 10:31

असंच पकडायला हवं. उष्मांक जवळजवळ तिप्पट होते, त्यामुळे सगळं श्रेय अमिनो आम्लांना देता येत नाही. आणि उलटंही ऐका. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 1970 च्या आसपास गरोदर बायकांना भरपूर प्रथिनाचं पेय दिलं होतं. उलट फार लवकर जन्मलेली बाळं आणि त्यातले मृत्यू त्या गटात जास्त दिसले. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आज सांगते, कुपोषित भागात गरोदर बाईला उष्मांक आणि प्रथिनं यांचा मेळ घातलेला पूरक आहार द्या, प्रथिनाचा मारा करू नका.

आता धागाकर्तीच्या डबा की ताट या प्रश्नाचा हिशेब. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या तक्त्यात साधारण 55 किलोच्या बाईला दिवसाला 46 ग्रॅम प्रथिन. दुसऱ्या तिमाहीत त्यावर साडेनऊ, तिसऱ्या तिमाहीत 22. म्हणजे सातव्यापासून 68. तीन भाकऱ्या 18. दोन वेळा वाटीभर आमटी किंवा उसळ, कच्चं कडधान्य तीस-तीस ग्रॅम धरून, 14. अर्धा लिटर दूध-दही 16. मूठभर शेंगदाणे 8. दोन अंडी 12. झाले 68. अंडी नसतील तर एक उसळ आणि एक वाटी दही वाढवा. उलट्या होत असतील, वजन वाढत नसेल, जुळी असतील, किडनीचा त्रास असेल तर हा हिशेब आपापल्या डॉक्टरसमोर ठेवून बदला. आणि लोह, आयोडीनचं मीठ, फॉलिक आम्ल यांच्याशिवाय नुसती प्रथिनं लंगडी. त्या गोळ्या सोडू नका.

कुंदाप्रेमी | 10:40

68 मध्ये कुंद्याला एक ग्रॅम तरी जागा ठेवा.

अथणीचा_शाळूवाला | 12:15

एक शंका. आमची जर्सी व्याली की चीक निघतो, वासरू महिन्या-दोन महिन्यांत दुप्पट होतं. गाईच्या दुधात प्रथिन जास्त, मग तेच लहान बाळाला का देऊ नये? सुनेला दूध कमी येतंय म्हणून घरात चर्चा चाललीय. नात दोन महिन्यांची आहे.

रात्रपाळी | 12:40

काका, उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. वासराला दोन महिन्यांत दुप्पट व्हायचंय, आपल्या बाळाला चार-पाच महिने लागतात. म्हणून गाईच्या दुधात शंभर मिलिलिटरला तीन ग्रॅमच्या वर प्रथिन आणि आईच्या दुधात जेमतेम एक. कमी आहे म्हणजे हलकं नाही. त्यातले मणी वेगळ्या मेळाचे आहेत, पचायला सोपे. गाईच्या दुधाचा भार तान्ह्या मूत्रपिंडांवर पडतो आणि त्यात लोह जवळजवळ नाही. वर्षाआधी मुख्य अन्न म्हणून ते नको. सहा महिने फक्त आईचं, पाणीसुद्धा नको. सुनेला दूध कमी 'वाटतंय' की खरंच कमी आहे, ते नातीच्या वजनावरून ठरतं. तिला आजच वजन करायला घेऊन जा.

अथणीचा_शाळूवाला | संध्याकाळी 7:50

नेलं होतं. गेल्या महिन्यात पाऊण किलो वाढलंय. सून रडायची थांबली. दुधाची चर्चा बंद. तिच्या ताटात आजपासून मटकी, मीच आणली.

निपाणीची_अक्का | 7:55

काका, आता तुमच्या घरातली सगळी राहणार.

खानापूरची_लेक (धागाकर्ती) | रविवार, रात्री 8:30

माफ करा, उशीर झाला. सगळं दोनदा वाचलं, एकदा सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. कुंद्याच्या भागावर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. म्हणाल्या, माझं अख्खं बाळंतपण कुंद्यावर गेलं, तरी तुझा नवरा इंजिनियर झालाच की.

डबा नणंदेला परत दिला नाही, वाईट वाटलं असतं. कपाटात आहे. टाचेच्या चाचणीचं दवाखान्यात विचारलं. करून देऊ म्हणाले, पण आधीच्या पेशंटपैकी कुणी विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

आणि काल गंमत झाली. दुपारी झोपून उठले तर स्वयंपाकघरात वास. सासूबाईंनी हुलगे भाजून, भिजवून, कुकरला लावले होते. वरचं पाणी काढून त्यात ताक, लसूण, जिरं, कढीपत्ता. मला वाटी दिली आणि म्हणाल्या, "हे कढण आहे. डाळ नव्हे." मी म्हटलं, "होय की, डाळ कुठं आहे?" खालचे हुलगे त्यांनी उसळीला ठेवले होते, म्हशीला नाही.

फक्त माझ्या माहेरच्या कढणासारखं दाट होत नाही. आई पीठ लावते की वाटलेले हुलगेच घालते, ते ती फोनवर नीट सांगत नाही. इथं कुणाला माहीत आहे का?

कणकुंबीची_वाट | 8:41

मूठभर शिजलेले हुलगे पाट्यावर वाटून त्याच पाण्यात परत घालायचे. पीठ लावलं तर गोळ्या होतात. आणि ताक उतरवल्यावर घालायचं, उकळत्यात घातलं तर फाटतं.

कुंदाप्रेमी | 8:43

वाटी कुठल्या गल्लीत मिळेल?